इंजिन पास, गाडी नापास

मार्च 2023 च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाच्या सुपर्ब या गाडीची जोडणी थांबली. 1 एप्रिलपासून प्रदूषणाचे पुढच्या टप्प्याचे नियम लागू होणार होते आणि त्या नियमांत ही गाडी बसवायची नाही, असं कंपनीनं ठरवलं होतं. तिच्याबरोबर ऑक्टावियाही गेली. 2001 साली शेंद्र्याच्या या कारखान्याचा श्रीगणेशा ज्या गाडीनं झाला होता, तीच ही. मे 2014 मध्ये बंगालमधल्या उत्तरपाड्यात अँबॅसिडर थांबली तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली होती. सुपर्बच्या वाट्याला तसं काही आलं नाही. ती लाखांत विकली जाणारी गाडी नव्हती, आणि जी लोकांची नव्हतीच तिच्यासाठी लोक कशाला हळहळतील?

हर्सूलमधल्या एका घरात मात्र या विषयावर अजून वाद होतो.

शेंद्रा शहराच्या पूर्वेला जालना रस्त्यावर, तर हर्सूल उत्तरेला जळगाव रस्त्यावर. तलाव, हर्सिद्धी मातेचं मंदिर, मध्यवर्ती कारागृह आणि टी-पॉइंटवरची गर्दी, ही हर्सूलची ओळख. वाद घालणारे दोघे मामा-भाचे. मामा बांधकामाचे कंत्राटदार. त्यांच्या दारात 2010 सालची, एमएच-20 क्रमांकाची डिझेल सुपर्ब उभी असते. भाचा शेंद्र्यातल्या एका सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्यांची नावं सांगण्याची गरज नाही. अशी जोडी या शहरातल्या कुठल्याही गल्लीत सापडेल.

मामांचं म्हणणं सरळ आहे. चांगली गाडी होती, सरकारी नियमांनी मारली.

"आरडीई का काय ते आणलं," मामा म्हणतात, "आणि दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता पळणारी गाडी एका रात्रीत गुन्हेगार ठरवली."

"गुन्हेगार कुणी नाही ठरवलं, मामा. आधी गाडीचा धूर प्रयोगशाळेत मोजायचे. रोलरवर चाकं फिरवायची, ठरलेल्या वेगानं, ठरलेल्या वेळेपुरती. तिथं पास होणाऱ्या गाड्या रस्त्यावर जास्त धूर सोडतात, हे जगभर उघडं पडलं. म्हणून आता गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून तिला खऱ्या रस्त्यावर चालवतात. शिवाय धूर साफ करणारी यंत्रणा नीट चालली आहे का, यावर गाडीतल्या संगणकानं सतत नजर ठेवायची. झालं, एवढाच नियम."

"एवढ्यासाठी कंपनीला इंजिन बदलावं लागलं असतं, नव्यानं चाचण्या द्याव्या लागल्या असत्या. महिन्याला मोजक्या गाड्या खपतात. कोण घालील तेवढा पैसा?"

भाचा याच वाक्याची वाट बघत असतो. "तोच तर मुद्दा आहे. शेवटच्या सुपर्बमध्ये कुठलं इंजिन होतं? दोन लिटरचं टीएसआय पेट्रोल, 190 पीएस, 320 न्यूटन मीटर. त्याच शेंद्र्यात जोडल्या जाणाऱ्या कोडिआकमध्ये कुठलं होतं? तेच. कोडिआक नव्या नियमांत बसवली गेली आणि 2023 मध्ये विक्रीला आली. फोक्सवॅगनची टिग्वान, तिचंही तेच. इंजिन परीक्षेत पास झालं, मामा. नापास झाली ती गाडी."

यावर मामा थोडा वेळ गप्प बसतात. वादातला हा पहिला डाव भाच्याचा, आणि तो खरोखर भक्कम आहे. नियम सगळ्यांना सारखेच होते. त्याच छताखाली, त्याच इंजिनाच्या उंच गाडीवर पैसा घालणं कंपनीला परवडलं आणि लांब, बसक्या गाडीवर परवडलं नाही. तेव्हा कारण धुरात नाही, आकारात शोधायला हवं.

आकाराचा विषय निघाला की मामांना हुरूप येतो. सुपर्ब या नावाची पहिली स्कोडा 1934 सालची, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली. नव्या काळातली सुपर्ब भारतात 2004 मध्ये आली. 2009 मध्ये दुसरी पिढी आणि 2016 मध्ये तिसरी. तिसऱ्या पिढीची लांबी जवळपास 4.87 मीटर, दोन चाकांमधलं अंतर 2.84 मीटर, आणि डिकी 625 लिटरची. मागच्या सीटवर बसून पाय लांब करता यावेत हा तिचा खरा बाणा होता. मामांच्या दुसऱ्या पिढीच्या गाडीची डिकी दोन तऱ्हांनी उघडते: हवं तर नुसतं झाकण, हवं तर मागच्या काचेसकट सगळा दरवाजा. मागच्या डाव्या दारात छत्री ठेवायला खास जागा आहे. मराठवाड्यात त्या छत्रीला वर्षातून कितीदा काम पडतं, हा भाच्याचा आवडता टोमणा.

"टोमणे मार. पण या गाडीत बसून माणूस मुंबईला उतरतो तेव्हा ताजातवाना असतो," मामा म्हणतात. "ते उंच धूड घेऊन जा आणि वळणावर बघ पोटात काय होतं ते."

हा मुद्दा निव्वळ आवडीनिवडीचा नाही. गाडी बसकी असली की तिचं वजन जमिनीजवळ राहतं. त्यामुळे वळणावर ती कमी कलते, वेगात वाऱ्याला कमी अडवते आणि तेवढ्याच ताकदीत जास्त अंतर कापते. उंच गाडीला हेच साधायचं तर कडक स्प्रिंगा, रुंद टायर आणि जास्त इंधन लागतं. मोठ्या सेडानचं सुख हे अभियांत्रिकीनं दिलेलं सुख आहे, नुसता रुबाब नव्हे. आणि यातली विसंगती हर्सूलच्या जवळच घडली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. संभाजीनगरकरांना त्यावर चढायची एक जागा सावंगीला, म्हणजे हर्सूलवरून जळगाव रस्त्यानं थोडं पुढे. ताशी 120 किलोमीटरची मुभा असलेला हा सरळसोट रस्ता ज्या जातीच्या गाडीला सगळ्यात जास्त शोभावा, ती त्यानंतर चार महिन्यांत शेंद्र्यातून हद्दपार झाली.

"बघ," मामा म्हणतात, "रस्ता आला आणि गाडी गेली."

"रस्ता एक आला, मामा. बाकीच्यांचं काय? हाच आपला अजिंठ्याचा रस्ता आठवा. काही वर्षं नुसता खोदून ठेवला होता. परदेशी पाहुणे लेणी बघायला यायचे आणि कंबर धरून परत जायचे. त्या दिवसांत तुम्ही सिल्लोडला साइटवर कशानं जायचात? बोलेरोनं. सुपर्ब दारात झाकून ठेवलेली असायची, खाली घासू नये म्हणून."

"साइटवर बोलेरोच न्यायची असते."

"आणि मामी? मामी तर म्हणते, त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसण्यासारखं. गुडघे दुखतात. पंचेचाळीस लाखांची गाडी घेऊ शकणारा माणूस बहुतेकदा पन्नाशीचा असतो. त्याला खाली वाकून शिरायचं नसतं, सरळ पाऊल टाकून बसायचं असतं. तुम्ही धूड म्हणता त्या गाडीचं हेही एक सुख आहे."

आकडे भाच्याच्या बाजूनं आहेत. 2023-24 या आर्थिक वर्षात भारतात सुमारे 42 लाख प्रवासी वाहनं विकली गेली. त्यातली 25 लाखांहून अधिक एसयूव्ही आणि तत्सम वर्गातली होती. मोठ्या आणि मध्यम सेडान एकेक करून गेल्या. होंडानं 2020 च्या डिसेंबरात ग्रेटर नोएडाचा कारखाना बंद केला तेव्हा सिव्हिक गेली. मारुतीची सियाझ 2025 मध्ये थांबली. हे लोण काही भारतापुरतं नाही. अमेरिकेत पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची लाडकी फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया 2011 मध्येच बंद पडली होती. 2018 मध्ये फोर्डनं उत्तर अमेरिकेत सेडान विकणंच सोडून द्यायचं जाहीर केलं. 2023 संपता संपता क्रायस्लर 300 ही तिथली आणखी एक धिप्पाड सेडान गेली. फोक्सवॅगनची पसाट, म्हणजे सुपर्बची सख्खी चुलत बहीण, युरोपात नव्या पिढीत फक्त लांब छताच्या इस्टेट रूपात उरली.

मग मामा आपला हुकमी पत्ता काढतात.

"सगळं मान्य. लोकांना उंच गाड्या पाहिजेत. मग त्याच शेंद्र्यात ऑडीची ए4 आणि ए6 कशी जोडत राहिले? त्या काय उंच आहेत? ए4 तर माझ्या सुपर्बपुढे आखूड पडते. मागे पाय अवघडतात."

इथं भाच्याला विचार करावा लागतो, कारण त्याचा आकाराचा सिद्धांत इथं अडकतो. शेंद्र्यात सेडान जोडणं परवडतच नव्हतं असं नाही. सुपर्ब गेल्यावरही ऑडीच्या सेडान तिथं जोडल्या जात राहिल्या.

"त्यांच्या बिल्ल्यावर चार कड्या आहेत," तो शेवटी म्हणतो. "कमी गाड्या खपल्या तरी एका गाडीमागे सुटतात ते पैसे जास्त. नव्या चाचण्यांचा खर्च त्यात भागतो. तुमच्या सुपर्बनं ऑडीपेक्षा जास्त जागा दिली आणि ऑडीपेक्षा कमी पैसे घेतले. गिऱ्हाइकासाठी ती सौदा होती. कंपनीच्या हिशेबात तीच अडचण."

या शहराला गाडीवरच्या बिल्ल्याचं मोल वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. 65 कोटींचा तो सौदा देशभर गाजला. स्टेट बँकेनं कर्ज दिलं होतं. मागास म्हणून हिणवलं जाणाऱ्या मराठवाड्यात पैसा आहे, हे जगाला दाखवून द्यायचं होतं, आणि ते तारांकित बिल्ल्यानंच दिसणार होतं. मामांनी त्याच वर्षी सुपर्ब घेतली. त्यांचं तेव्हाचं स्पष्टीकरण भाच्याला पाठ आहे: मर्सिडीजमधून उतरलं की मजूर हजेरी वाढवून मागतात आणि अधिकारी बिल अडवून ठेवतात. सुपर्बमधून उतरलं की कुणाच्या डोळ्यात येत नाही. आत बसणाऱ्याला मात्र माहीत असतं आपण कशात बसलोय ते.

"लपून श्रीमंत राहायची गाडी," भाचा हसतो. "आणि लपून राहणाऱ्यांची बाजारपेठ केवढी असणार?"

मामा हार मानत नाहीत. "मग कॅमरी सांग. टोयोटाची. चार कड्या नाहीत, तारा नाही, उंच नाही. बाहेरून आणलेले भाग कर्नाटकात बिडदीला जोडतात. ती कशी टिकली?"

"हायब्रिड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे डिसेंबर 2024 मध्ये नवी कॅमरी आली 48 लाखांना, आणि तिचं प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला 25 च्या वर. सुपर्बचं पेट्रोल 15 च्या आसपास. तुमची डिझेल गाडी जास्त देत असेल, पण स्कोडा-फोक्सवॅगननं एप्रिल 2020 मध्येच भारतात डिझेल सोडलं. त्या दिवशी सुपर्बचा निम्मा जीव गेला. लांब पल्ल्याचा माणूस डिझेलसाठी घ्यायचा ती गाडी."

म्हणजे वाद फिरून फिरून एका जागी येतो. मोठ्या सेडानला टिकायला काहीतरी एक लागतं. ऑडीकडे नाव होतं, कॅमरीकडे अ‍ॅव्हरेज होतं, कोडिआककडे उंची होती. सुपर्बकडे भरपूर जागा आणि रास्त भाव होता, आणि हे दोन्ही गुण शोरूमच्या दारात उभ्या माणसाला पहिल्या नजरेत दिसत नाहीत. आत बसून पाचशे किलोमीटर गेल्यावर कळतात.

पण गोष्ट 2023 ला संपली नाही. एप्रिल 2024 मध्ये सुपर्ब परत आली. युरोपात तोवर चौथी पिढी दाखवून झाली होती. इथं आली ती तिसरीच, पूर्ण तयार होऊन, जहाजातून, फक्त 100 गाड्या. किंमत 54 लाख. शेंद्र्यातून निघताना हीच गाडी 34 ते 38 लाखांच्या पट्ट्यात होती.

मामांच्या दृष्टीनं हा त्यांचा विजय आहे. "मधले सोळा ते वीस लाख कशाचे? पूर्ण तयार गाडीवर सरकार तेव्हा 70 ते 100 टक्के आयातशुल्क घ्यायचं. शेंद्र्यातली पोरं गाडी जोडत होती म्हणून ती वाचत होती. तुम्ही लोक म्हणता, शेंद्र्यात काय, नुसते स्क्रू पिळायचे. त्या स्क्रू पिळण्याची किंमत आता कळली."

"ती करातली फट होती, मामा. कौशल्याची किंमत नाही."

"फट?"

इथं भाचा जो विषय काढतो तो शहरातल्या अनेक कारखान्यांत दबक्या आवाजात बोलला जातो. सप्टेंबर 2024 मध्ये सीमाशुल्क विभागानं स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे 1.4 अब्ज डॉलरच्या कराची नोटीस दिली. विभागाचा आरोप असा की जवळपास संपूर्ण गाडीचे भाग वेगवेगळ्या खेपांतून आणून ते सुटे भाग म्हणून दाखवले गेले, त्यामुळे 30 ते 35 टक्क्यांऐवजी 5 ते 15 टक्केच शुल्क भरलं गेलं. नोटिशीतल्या गाड्यांमध्ये सुपर्बचंही नाव होतं. कंपनीला हा आरोप मान्य नाही. तिनं मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. वाद कायद्याचा आहे, पण त्याच्या पोटात कारखानदारीचा जुना प्रश्न आहे. किती भाग इथले असले म्हणजे गाडी इथली म्हणायची?

भाच्याचं उत्तर तयार असतं. "स्लाव्हिया बघा. चाकणची. पत्रा इथला, सीटा इथल्या, वायरिंग इथलं. 95 टक्क्यांपर्यंत देशी भाग वापरायचे असं ठरवूनच कंपनीनं 2018 मध्ये शंभर कोटी युरोंची योजना आखली होती. त्यातून कुशाक आली, स्लाव्हिया आली. नियम बदलले तेव्हा त्या दोघींचं काय होणार हा प्रश्नच कुणाला पडला नाही. हजारोंनी विकल्या जातात, पुरवठादार बांधलेले आहेत. सुपर्बचं मूळ इथल्या मातीत कधी रुजलंच नव्हतं. आमच्या कंपनीनं पंधरा वर्षांत सुपर्बचा एक भाग केला नाही. कुशाकचे सात करतो."

"आणि ते सात भाग ज्या मापानं तपासतोस, ते माप तुला कुणी शिकवलं?" मामा विचारतात. "दोन दारांमधली फट, रंगातला कण, रस्त्यावर बारीक आवाज येतो का ते. सुपर्बच्या लाईनवरून शिकून बाहेर पडलेली माणसं वाळूजला, चाकणला, तुमच्याकडेही आहेत. तुझा साहेब कुठला?"

"तिथलाच," भाचा कबूल करतो.

खरं तर दोघांनाही एकमेकांचं अर्धं पटलेलं असतं. 1985 मध्ये बजाजनं वाळूजला कारखाना काढला तेव्हा शहराला संख्येची सवय लागली: रोज हजारो दुचाकी, शेकडो लहान पुरवठादार, पत्रा कापण्यापासून क्रोमिंगपर्यंत सगळं पंचक्रोशीत. शेंद्र्याच्या महागड्या गाड्यांनी दुसरी सवय लावली, बारकाईची. पहिल्या सवयीनं घरं चालली, दुसरीनं पगार वाढले. सुपर्ब गेल्यानं शेंद्र्याचा कारखाना ओस पडला नाही. ऑडीच्या गाड्या आणि कोडिआक तिथं जोडल्या जातात, 2025 मध्ये आलेली नवी कोडिआकसुद्धा. पण ज्या गाड्या आपण बनवतो त्यातली एखादी आपल्यापैकी कुणीतरी आयुष्यात कधीतरी घेईल, ही आशा सुपर्ब-ऑक्टावियाच्या काळात लाईनवरच्या पोरांना होती. जुनी ऑक्टाविया घेऊन तिचं डिझेल इंजिन पुन्हा बांधणारे किती तरी सापडतील. कोडिआकच्या किमती बघून तसं स्वप्न कोण बघतं, हे भाच्यालाही सांगता येत नाही.

सध्याचा वाद त्याहून व्यवहारी आहे. मामांच्या गाडीला पंधरा वर्षं झाली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी घातली गेली होती, तरी महाराष्ट्रात तसं नाही. तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवता येते. भाच्याचं म्हणणं, भंगारात जाण्याआधी विका, आत्ता निदान कुणी तरी हौशी घेईल. मामांनी गॅरेजवाल्याला विचारून ठेवलंय. दुसऱ्या पिढीची सुपर्ब आणि त्या काळातली पसाट एकाच सांगाड्यावर बांधलेल्या, त्यामुळे बुश, बेअरिंग, सस्पेन्शनचे भाग बऱ्यापैकी मिळतात. स्वस्त नाहीत, पण मिळतात.

"पाच वर्षांनी काय करणार?" भाचा विचारतो.

"पाच वर्षांनी तुमचा बिडकीनचा कारखाना सुरू झालेला असेल ना? टोयोटाचा?"

जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी सामंजस्य करार केला: 20,000 कोटींची गुंतवणूक, वर्षाला 4 लाख इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची क्षमता. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यातल्या प्रत्येक पुरवठादाराचा डोळा तिकडे लागलेला आहे, भाच्याच्या कंपनीचाही.

"तिथं एसयूव्हीच बनतील, मामा. लिहून घ्या."

"हायब्रिड बनणार म्हणतोस ना? मग एखादी कॅमरी काढायला काय जातं त्यांचं?"

"चार लाखांच्या कारखान्यात शंभर-दोनशे कॅमरी कोण काढील?"

"शेंद्र्यात काढल्याच ना वीस वर्षं," मामा म्हणतात आणि गाडीचे कागद त्याच्यापुढे टाकतात. "ते राहू दे. तू आधी आरटीओच्या साइटवर तपासणीची तारीख मिळते का बघ. माझ्या फोनवर ओटीपी येत नाहीये."